लेकीचा नंबर, लेझर आणि माझी बॅटरी

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षं नेत्र चिकित्सा अधिकारी होतो. पद ऐकायला भारदस्त वाटतं. काम म्हणाल तर एका अरुंद खोलीत बसून लोकांच्या चष्म्याचे नंबर काढायचे, मोतीबिंदू हुडकायचे आणि ज्यांचा पिकला असेल त्यांना गाडीत बसवून परभणीला ऑपरेशनला न्यायचं. लोक मला ‘डोळ्याचे डॉक्टर’ म्हणायचे. पहिली दोन वर्षं मी दुरुस्ती करत होतो. मग माझं लग्न ठरलं. सासरची मंडळी दवाखाना बघायला आली, त्यांच्यादेखत एका म्हाताऱ्यानं ‘डॉक्टरसाहेब’ अशी खणखणीत हाक मारली, आणि तेव्हापासून मी दुरुस्ती बंद केली. या न केलेल्या दुरुस्तीची मला पुढं कशी फळं मिळाली, तेच लिहायला बसलोय.

या अंकाचे संपादक म्हणाले होते, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत. पण गेलं वर्ष-दीड वर्ष घरात जे चाललंय, त्याच्यापुढं त्या गमती सुचत नाहीत. शिवाय त्या गोष्टीतला मूर्ख मीच असल्यामुळं दुसऱ्या कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

आधी माझ्या धैर्याची कल्पना देतो. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मला परभणीच्या ऑपरेशन थेटरात उभं केलं. आमच्या सर्जन सरदेशमुख मॅडम. टेबलावर गयाबाई नावाची आजी. तोंडावर हिरवं फडकं, फक्त एक डोळा उघडा. त्या काळी डोळा बधिर करायला डोळ्याच्या खालून इंजेक्शन देत. आजीचा हात धरून धीर देणं एवढंच माझं काम. मी हात धरला आणि म्हणालो, “काही होत न्हाई आजी, भ्यायचं न्हाई.” सुई आत गेली. त्यानंतर मला आठवतं ते थेटरचं छत. पडताना मी औजारांचा ट्रेही खाली आणला होता.

फडक्याखालून आजीचा आवाज आला, “कोण पडलं गं माय?”

मॅडम म्हणाल्या, “तुम्हाला धीर देणारे साहेब पडले.”

“मंग त्यायचा हात धरा की कुनीतरी!”

त्या दिवसापासून मी थेटरच्या दारापर्यंतचा माणूस झालो. गावोगावच्या शिबिरांत मात्र माझ्याइतका शूर कुणी नव्हता. “दहा मिनिटाचं काम हाय. मुंगी चावल्यावानी बी वाटत न्हाई,” असं मी हजारो लोकांना सांगितलं असेल. बहुतेकांचं खरंच चांगलं झालं, म्हणून माझं ते वाक्य खपून गेलं.

एक मात्र खपलं नाही. येलदरीच्या शिबिरात रंगनाथमामा म्हणून एक मासे धरणारा माणूस आला होता. एका डोळ्यात पक्का मोतीबिंदू. गाडीत बसताना त्यानं विचारलं, “सायेब, तुमी करून घेतलंय का हे?”

मी म्हणालो, “मला मोतीबिंदू न्हाई, मामा.”

“मंग तुमाला काय म्हाईत मुंगी चावती का इचू?”

सगळी गाडी हसली. मीही हसलो. बोरीला चहासाठी गाडी थांबली, मामा हॉटेलच्या मागं गेला तो परत आला नाही. आम्ही दहा-पंधरा मिनिटं हाका मारल्या आणि निघालो. तीन वर्षांनी तो आपल्या पायानं माझ्या खोलीत आला. मोतीबिंदू अतिपक्व होऊन डोळ्यातला दाब वाढला होता आणि नजर कायमची गेली होती. त्यानं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. मला एवढंच वाटत राहिलं, की त्यानं रास्त प्रश्न विचारला होता आणि मी हसून मोकळा झालो होतो. भ्यालेल्या माणसाला उत्तर द्यायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. पण अंगवळणी पडलं नाही.

आता घरातली गोष्ट. माझी मुलगी प्रज्ञा सव्वीस वर्षांची आहे. येलदरीच्या वीजकेंद्रात कनिष्ठ अभियंता आहे. रोज जिंतूरहून जाऊन-येऊन करते. आठवीत असताना तिला चष्मा लागला आणि तिचा नंबर काढायचा मान मी दुसऱ्या कुणाला दिला नाही. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला मी डोळे तपासायचो, कार्डावर तारीख टाकून सही करायचो. मी निवृत्त झाल्यावरही हे चालूच राहिलं. ओसरीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बरोबर सहा मीटर भरतात, आणि वाचायच्या तक्त्याला तेवढंच अंतर लागतं. घर बांधताना मी गवंड्याला भिंत वीतभर मागं सरकवायला लावली होती. बायको शोभा अजूनही त्या वितीचा उद्धार करते, कारण ती तिच्या स्वयंपाकघरातून गेली.

एका दुपारी प्रज्ञा घरी आली ती गुडघे सोलून. यंत्राच्या खालच्या अंगाला तपासणीला उतरली होती. तिथं दमट हवा, घाम, चष्म्यावर वाफ. खाली वाकली आणि चष्मा नाकावरून घसरून खालच्या पाण्याच्या खड्ड्यात गेला. लोखंडी शिडीनं चाचपडत वर येताना पाय सटकला. वरून सहकारी ओरडेपर्यंत ती दोन हातांवर लोंबकळत होती.

हे सगळं तिनं हळद लावून घेता घेता, भाजीत मीठ कमी आहे अशा सुरात सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आणल्या. त्या धुळीनं खुपायला लागल्या. मग एक दिवस ताटावर बसली आणि म्हणाली, “पप्पा, मला लेझर करून घ्यायचंय.”

माझा घास हातात राहिला.

शोभा म्हणाली, “काय झालं? जन्मभर लोकायच्या डोळ्याला कापायला पाठविलं तुमी. आता का घाम फुटायलाय?”

“मी कुठं भ्यायलोय? मी विचार करायलोय.”

“मंग विचार करताना भाकरी खाली ठेवा. कुस्करायलाव तिला.”

बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. लेझरनं ही काच मोजून-मापून तासतात आणि तिचा बाक बदलतात, म्हणजे चष्म्यानं जे काम केलं असतं ते ती काचच करते. तासलेलं परत चिकटवता येत नाही. म्हणून आधी तीन गोष्टी बघतात: वय पुरं झालंय का, नंबर वर्ष-दोन वर्षं आहे तिथंच आहे का, आणि काच पुरेशी जाड, नीट आकाराची आहे का. यातली दुसरी गोष्ट माझ्या अखत्यारीतली. प्रज्ञाच्या कार्डावर चार वर्षं एकच नंबर होता आणि त्याखाली माझ्या मोत्यासारख्या अक्षरात ‘स्थिर’.

मग सुरू झालं कुठं करायचं ते. एकदा फोनवर लेझर शब्द टाकला आणि पुढचे दोन महिने हवामान बघायला गेलो तरी एखादी चष्मा फेकणारी बाई हसत पुढं यायची. पुण्याचा मेहुणा म्हणे पुण्यालाच या. शेजारचे गुरुजी म्हणाले, त्यांच्या पुतण्यानं केलं, आता डोळे कोरडे पडतात, पण दिसतं झकास. मी वहीत रकाने आखले: कुठलं मशीन, कोण सर्जन, घरापासून किती लांब. दिसायला मोठं शास्त्रीय काम होतं. प्रत्यक्षात मी निवड कशावर केली ते ऐका. छत्रपती संभाजीनगरच्या एका नव्या सेंटरला फोन केला तेव्हा तिकडच्या मुलीनं विचारलं, “सर, आपण स्वतः डॉक्टर का?” मी म्हणालो, “डोळ्यांचंच करतो.” ती म्हणाली, “ओह, मग तुम्हाला काय सांगायचं!” बस्स. रकाने तिथंच संपले.

गेलो. काचेची इमारत, आत इतकी थंडी की शोभानं पदर कानावरून घेतला. बिस्किटं आली, कॉफी आली. मला सगळे ‘सर’ म्हणत होते. प्रज्ञाला एका मशीनपुढं बसवलं, दुसऱ्यापुढं बसवलं. नंबर काढायची वेळ आली तेव्हा मी खिशातून कार्ड काढलं. तिथल्या मुलानं ते वाचलं, ‘सरांनी स्वतः काढलाय’ म्हणून कौतुकानं मान डोलावली आणि तोच नंबर उतरवून घेतला. प्रज्ञानं त्या दिवशी सकाळपर्यंत लेन्स घातल्या होत्या. लेन्सनं काचेचा आकार तात्पुरता दबतो, म्हणून तपासणीआधी त्या काही दिवस बंद ठेवायच्या असतात. हे त्यांनी विचारलं नाही. मला माहीत होतं. मी तेव्हा कॉफीच्या मशीनजवळ एका पेशंटच्या वडलांना मोतीबिंदूचे प्रकार समजावत होतो.

सर्जन चार मिनिटं भेटले. “बॉर्डरलाइन आहे, पण होऊन जाईल,” म्हणाले. पुढच्या शनिवारची तारीख मिळाली. संमतीचा कागद समोर आला. मी तो वाचायला घेतला. कोरडेपणा, रात्री दिव्यांभोवती वलयं, जंतुसंसर्ग, काच फुगणं, क्वचित नजर जाणं. असे कागद मी आयुष्यभर लोकांपुढं सरकवले, “इथं अंगठा,” म्हणून. पुरा वाचला तो पहिल्यांदा. ‘फुगणं’ या शब्दावर माझी नजर दोनदा गेली आणि दोन्ही वेळा मी ती पुढं ढकलली.

प्रज्ञानं सही केली. तिची सही सरळ होती. साक्षीदार म्हणून माझी बघाल तर भूकंपात केल्यासारखी.

घरी आल्यावर माझं कशात लक्ष लागेना. खरं सांगायचं तर मला ऑपरेशन नकोच होतं, पण तसं म्हणायची हिंमत नव्हती. माझ्या भीतीला कुणातरी खऱ्या डॉक्टरची चिठ्ठी हवी होती. मग मला सरदेशमुख मॅडम आठवल्या. आता वयानं थकल्यात, परभणीत घराच्या पुढच्या खोलीत सकाळी दोन तास पेशंट बघतात. लेझरचं मशीन त्यांच्याकडं नाही, म्हणजे त्यांना काही विकायचं नाही. प्रज्ञाला म्हणालो, “मॅडमना पेढे देऊन येऊ, आशीर्वाद घेऊ.”

“ऑपरेशनच्या आधीच पेढे?” ती म्हणाली. “पप्पा, काहीतरी शिजायलंय तुमच्या डोक्यात.” पण आली.

मॅडमनी पेढा बाजूला ठेवला आणि तिला खुर्चीत बसवलं. त्यांच्याकडं आमच्याच खात्यातला जुना मराठी अक्षरांचा तक्ता. प्रज्ञानं जुना चष्मा लावून उजव्या डोळ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. डाव्यानंही वाचलं, धडाधड, मध्ये न थांबता. मी अभिमानानं मॅडमकडं पाहिलं. मॅडम माझ्याकडं बघत नव्हत्या. त्यांनी उठून दुसरा तक्ता लावला, निरक्षर लोकांसाठी असतो तो. त्यात फक्त फणीसारखी एक खूण असते, तिचे दात वर, खाली, डावीकडं की उजवीकडं ते हातानं दाखवायचं.

“डावा डोळा. दाखव, बाळ.”

पहिल्या तीन ओळी तिनं दाखवल्या. चौथ्या ओळीला तिचा हात हवेत थांबला. मग उजवीकडं गेला, खाली गेला, परत थांबला. मी ते दात माझ्या जागेवरून बघत होतो. ते वरच्या बाजूला होते.



मॅडमनी विचारलं, “मघाशी तर सगळं वाचलंस?”

प्रज्ञा हळू आवाजात म्हणाली, “तो तक्ता मला येतो. त्याच्यावरच मी अक्षरं शिकले.”

खरं होतं. शोभा आजारी असायची तेव्हा बालवाडी सुटल्यावर प्रज्ञा माझ्या खोलीत येऊन बसायची. पेशंट नसला की मी छडीनं एकेक अक्षर दाखवायचो. तिचा क त्या तक्त्यावरचा, तिचा म त्या तक्त्यावरचा. निवृत्त होताना तोच तक्ता मी आठवण म्हणून घरी आणला होता, आणि चार वर्षं त्याच्यावरच मी तिची नजर तपासून ‘स्थिर’ लिहीत होतो. नजर तपासत होतो की पाठांतर, ते मला कळलं नव्हतं. तिलाही नव्हतं. एवढं अंधूक दिसलं की पुढचं अक्षर आपोआप तोंडात यायचं.

मॅडमनी दिवे मालवले आणि रेटिनोस्कोप घेतला. ही आमच्या धंद्यातली साधी बॅटरी असते. तिचा झोत बाहुलीवर फिरवायचा, आतून जो उजेड परततो त्याच्या हलण्यावरून नंबर कळतो. पेशंटनं काही बोलायची गरज नाही. उजेड एका बाजूला सरळ सरकायला पाहिजे. काच जर एका जागी टोकदार व्हायला लागली असेल, तर तो उजेड दुभंगतो आणि कात्रीच्या पात्यांसारखा उघड-मीट करतो.

“कात्री आहे,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही कधी बघितलं नाही हिच्या डोळ्यात?”

इथं मला खोटं बोलता आलं असतं. तोंडात तयारही होतं. पण प्रज्ञा समोर होती.

“बघितलं होतं,” मी म्हणालो. “दोन वर्षांमागं.”

“मग?”

“मला वाटलं, माझी बॅटरी कमजोर झालीय. सेल बदलले.”

“आणि परत बघितलं?”

“नाही.”

अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात ती कात्री दिसली असती, तर मी त्याच दिवशी त्याला परभणीची चिठ्ठी दिली असती. तशा दिल्याही आहेत. घरातल्या डोळ्याच्या बाबतीत मात्र मी बॅटरीला दोष दिला, नवे सेल घातले, आणि पुन्हा झोत टाकायचं धाडस काही केलं नाही. माझ्या मनाला ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. ठाऊक नव्हतं असंही म्हणवत नाही.

मॅडमनी कागदावर लिहून दिलं: लेन्स पूर्ण बंद, पंधरा दिवसांनी हैदराबादला कॉर्नियाच्या तज्ज्ञाकडं काचेच्या आकाराचा नवा नकाशा, तोवर लेझरचं नाव काढायचं नाही. रोगाचं नाव केराटोकोनस. काच पातळ होत होत पुढं शंकूसारखी येते. अशा काचेला लेझरनं तासलं, तर उरलीसुरली ताकदही जाते.

मी संभाजीनगरला फोन करून तारीख रद्द केली. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, भीती सगळ्यांनाच वाटते. दहा मिनिटांचं तर काम आहे.”

फोन मीच ठेवला. तिचं काय चुकलं? वाक्य तर माझंच होतं.

ते पंधरा दिवस मी सांगू शकत नाही. प्रज्ञानं आठ दिवसांची रजा टाकली, पुढचे दिवस जुन्या चष्म्यावर ऑफिसातलं कागदी काम केलं. घरात तिचं चालणं मी बघत राहायचो. उंबऱ्याला ठेच लागली की माझ्या छातीत लागायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. एकदा ओसरीत बसून मोबाइल डोळ्यांजवळ धरून काहीतरी वाचत होती. मी जवळ गेलो.

“पप्पा, एक विचारू?”

“विचार.”

“मला खरंच दिसायचं का नुस्तं पाठ होतं? आता मलाच कळंना गेलंय. रस्त्यावरच्या पाट्या बी मी वाचायले का ओळखायले?”

रंगनाथमामाला दिलं नव्हतं ते उत्तर मला इथं तरी द्यायचं होतं. मी म्हणालो, “मला माहीत न्हाई, बेटा. मला भ्या वाटायलंय.”

तिनं मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाली, “हे आधी सांगितलं असतं तर मी बी सांगितलं असतं. मला त्या शिडीवर असल्यापासून भ्या वाटायलंय.”

शोभानं तेवढ्यात तक्ता भिंतीवरून उतरवला. कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या गोधड्यांच्या खाली कुठंतरी घातला, अजून सापडलेला नाही. मी शोधलेलाही नाही.

हैदराबादला निघायच्या सकाळी घरातली बुद्धवंदना रोजच्यापेक्षा दुप्पट लांबली. परभणीहून गाडीत बसलो.  दवाखाना जुना, गर्दीचा. कॉफी नाही, बिस्किटं नाहीत. एका बाईनं विचारलं, “आप डॉक्टर हैं?” मी म्हणालो, “नहीं. बाप हूँ.” लग्न ठरल्यापासूनची माझी पहिली दुरुस्ती.

तिथं सगळं कोऱ्या पाटीवरून केलं. माझं कार्ड त्यांनी मागितलं नाही, मी काढलंही नाही. नकाशा पडद्यावर आला. निरोगी काचेचा नकाशा हिरवा-निळा असतो. प्रज्ञाच्या डाव्या डोळ्याच्या खालच्या अंगाला लाल डाग होता, उजव्यात पिवळी झाक. तरुण डॉक्टर होते. मराठी समजायचं, बोलायचे हिंदीत. डाव्यात रोग पक्का आहे, उजव्यात सुरुवात असू शकते, म्हणाले. लेझर आत्ता नाही, पुढंही नाही. डावा असाच वाढत गेला तर काच बदलायची पाळी येऊ शकते. तो थांबवायला एक उपचार आहे, क्रॉस-लिंकिंग. वरचं नाजूक साल काढून पिवळ्या औषधाचे थेंब घालतात, मग एक विशिष्ट किरण सोडतात, त्यानं काच आतून घट्ट होते. नंबर जात नाही. आहे तिथं थांबेल, एवढीच आशा. शंभर टक्के हमी नाही.

मी तोंड उघडलं. प्रज्ञानं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि स्वतः विचारलं, “डॉक्टर, लेझर के लिए आए हुए कितने लोगों को आप ना बोलते हैं?”

ते हसले. “इस हफ्ते चार. आप पाँचवीं.”

“तो फिर ये आपही करो,” ती म्हणाली.

माझ्या वहीतल्या रकान्यांत हा प्रश्न नव्हता. लेझरचा विचार करणाऱ्या कुणालाही माझ्या धंद्यातून एवढाच सल्ला देईन, आणि तोही माझा नाही, तिचा आहे. जिथं ‘नाही’ म्हणतात, तिथल्या ‘हो’वर विश्वास ठेवा.

दोन दिवसांनी अकरा वाजता तिला आत नेलं. तळमजल्यावर, बाहेरच्या हॉलमध्ये एक मोठा पडदा होता. आत चाललेलं नातेवाइकांना दिसावं म्हणून. माझ्या मुलीचा डोळा त्या पडद्यावर कलिंगडाएवढा दिसत होता. शोभा टक लावून बघत होती. मी खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसलो. साल काढायला सुरुवात झाली असावी, कारण शोभाचा श्वास मला ऐकू आला. शेजारी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी वाकून विचारलं, “क्या साब, डर लगरा क्या?”

“हो… हाँ.”

“पहिली बार आए क्या आँख के दवाखाने में?”

अठ्ठावीस वर्षं म्हणायला मला लाज वाटली. “हाँ,” म्हणालो.

त्यांनी माझा हात धरला. गयाबाईनं सांगितलं होतं तसा. “कुछ नै होता,” म्हणाले. मला एकदम राग आला, आणि मग लक्षात आलं की ते स्वतःही पडद्याकडं पाठ करून बसलेत. आत त्यांच्या नातवाचा नंबर प्रज्ञानंतर होता. आम्ही दोघं तसेच बसलो, भिंतीकडं बघत. मी त्यांना काहीच होत नाही असं म्हणालो नाही. विचारलं, पोराचं नाव काय? ते सांगत राहिले.

साडेबाराला ती बाहेर आली. डाव्या डोळ्यावर पट्टी, गाल पिवळ्या औषधानं माखलेला. पुढचे तीन दिवस तिनं उशीत तोंड खुपसून काढले. मुंगी नव्हती ती, विंचू होता. मामाचं खरं होतं.

त्यानंतरचे महिने मी रोज तिच्याकडं चोरून बघायचो आणि ती मला पकडायची. “पप्पा, नका न बगू असं. मी काय मोतीबिंदू हाय का?” सहा महिन्यांनी पुन्हा हैदराबाद. नवा नकाशा जुन्याशेजारी लावला. डॉक्टरांनी कागद पुढं केला तेव्हा माझा हात सवयीनं गेला. तिनं तो आधी घेतला. मी माझा हात मांडीवर परत आणला. लाल डाग होता तेवढाच होता. “रुका है. फिलहाल,” डॉक्टर म्हणाले. उजव्या डोळ्यावर लक्ष ठेवायचं आहे. दर सहा महिन्यांनी यायचं, काही वर्षं. त्या ‘फिलहाल’वर आमचं घर चालू आहे. तारीख जवळ आली की माझं जेवण कमी होतं आणि शोभाची वंदना लांबते.

त्याच खेपेला तिला डाव्या डोळ्यात कडक लेन्स बसवली. अशा वाकड्या काचेवर चष्मा पुरा पडत नाही. ही लेन्स वरून गुळगुळीत छत घातल्यासारखं काम करते. बसवायला तासभर गेला. डोळ्यातून पाण्याच्या धारा, शिव्या द्यायचं तेवढं तिनं बाकी ठेवलं. मग तंत्रज्ञ म्हणाला, आता डोळा पुसा आणि लांब कुठंतरी बघा.

मी दाराशी उभा होतो, खुर्चीपासून चांगला सहा मीटरवर. तिनं डोळा उघडला आणि माझ्याकडं बघत राहिली.  मी विचारलं, “काय झालं? दिसायलंय ना?”

“पप्पा,” ती म्हणाली, “तुमी एवढे म्हातारे कधी झालाव?”

“इथंच,” मी म्हणालो. “त्या खालच्या, पडद्याच्या हॉलमध्ये. अकरा ते साडेबारा.”